लोकांना कळेल असे बोलणारा माणूस : अमीन सयानी

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि त्यानंतर संस्थेच्या एखाद्या सभासदाने दोन शब्द बोलावेत अशी प्रथा आहे. यंदा कार्यकारिणीने ही कामगिरी आमच्यावर सोपविली. आम्ही बँकेत कारकून आहोत. तेव्हा बँकेच्या परीक्षा कशा द्याव्यात, यावर आम्ही बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ते आम्ही चहाच्या वेळी अवश्य सांगू. परंतु भाषणासाठी आम्ही विषय घेतला आहे तो रेडिओवर गाणी लावणाऱ्या एका माणसाचा. त्यांचे नाव अमीन सयानी. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सिनेमाची गाणी हा काय आपल्या मेळाव्याचा विषय झाला, असे काही ज्येष्ठांच्या मनात आले असेल. त्यांना आमची विनंती आहे की, शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. आम्ही गाण्यांविषयी बोलणार नाही. गाणे सुरू होण्यापूर्वी तो माणूस जे बोलत असे आणि ज्या भाषेत बोलत असे, त्याविषयी आम्हांला बोलायचे आहे.

आमचे बालपण वरळीच्या बी.डी.डी. चाळीत गेले. आजच्या मुलांना सांगितले पाहिजे की, त्या चाळीतली खोली म्हणजे सुमारे एकशे साठ चौरस फूट. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, पाहुणा, आजारपण सारे त्यातच. दारे दिवसभर उघडी. त्यामुळे एका खोलीतला रेडिओ चार खोल्यांचा होई. आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना गिरणीचे काम पुन्हा मिळाले नाही आणि मिळेल त्या रोजंदारीवर घर चालू लागले. त्या काळात घरातल्या बऱ्याच वस्तू गेल्या. रेडिओ मात्र राहिला. तो विकला तर येणार किती, असा व्यवहार त्यात होताच. पण आठवड्यातून एकदा लागणारा एक कार्यक्रम हेही त्याचे कारण होते. तो कार्यक्रम म्हणजे ‘गीतमाला’.

आम्ही तो ऐकला तो १९८९ ते १९९४ या काळात, विविध भारतीवर. तोपर्यंत त्याचे नाव बदलून ‘सिबाका गीतमाला’ झाले होते. पण चाळीत सगळे ‘बिनाका’च म्हणत. वडिलांनी ऐकला तो त्याआधी, रेडिओ सिलोनवर, दर बुधवारी रात्री आठ वाजता. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा मोठा होई, बारीक होई, मध्येच खरखर येई. दुसऱ्या पाळीवर असले की वडिलांचा बुधवार चुके. मग गुरुवारी सकाळी नळावर पहिला प्रश्न असे, “काल पहिलं गाणं कोणतं आलं?” अशी त्याची ओढ होती.

विद्यार्थी मित्रांनो, भारतातली गाणी ऐकण्यासाठी सिलोनचे स्टेशन का लावावे लागत होते, हे समजून घेतले पाहिजे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत न्यावे, हा त्यांचा हेतू चांगला होता. पण सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास, असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वेळी सिलोनच्या बेटावर, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक नागरी रेडिओच्या हाती आले होते. आपल्या ज्येष्ठांना सिलोन माहीत होते ते वेगळ्या कारणाने. जागतिक बौद्ध परिषदेसाठी १९५० साली डॉ. बाबासाहेब तेथे गेले होते. गाणी ऐकणाऱ्या सामान्य माणसाला मात्र सिलोन कळले ते रेडिओमुळे. जे दिल्लीने बंद केले ते कोलंबोहून घरोघर ऐकू येऊ लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. लोकांना काय आवडावे हे वरून ठरविता येत नाही, एवढा धडा यात आहे.

बिनाका गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ रोजी. बिनाका ही टूथपेस्ट. तिच्या जाहिरातीसाठी हा कार्यक्रम होता. म्हणजे हा धंद्याचा मामला होता, हे आम्ही लपवीत नाही. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि टेप विमानाने कोलंबोस जात. निवेदन, लेखन, आलेली पत्रे वाचणे हे सारे काम एकट्याने करायचे आणि त्याचे आठवड्याला पंचवीस रुपये. अनुभवी लोक अशा कामाला तयार होणे कठीण. म्हणून ते एका तरुणाकडे आले. त्याला वीस वर्षे पूर्ण व्हायला अजून काही दिवस बाकी होते. सुरुवातीस सात गाणी लावीत, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि शंभर रुपयांचे बक्षीस असे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला, असे सयानी स्वतः सांगत. नंतर स्पर्धा बंद होऊन गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवरून ती ठरे.

आता आमच्या विषयाकडे येतो. ज्या तरुणाच्या हिंदीने पुढे बेचाळीस वर्षे लोकांना खिळवून ठेवले, त्याची सुरुवात काय होती? सयानींचे घर मुंबईचे आणि घरची भाषा गुजराती. थोरले बंधू हमीद सयानी इंग्रजीतले नामवंत निवेदक होते. त्यांच्याबरोबर हा धाकटा भाऊ लहानपणीच आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर जाऊ लागला आणि अनेक वर्षे इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेत राहिला. शिक्षण ग्वाल्हेरच्या सिंधिया स्कूलमध्ये आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात. पुढे त्यांनी आकाशवाणीच्या हिंदी विभागात आवाजाची चाचणी दिली आणि ते नापास झाले. वाचन ठीक आहे, पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे, असे त्यांना सांगण्यात आले. ही गोष्ट ते मुलाखतींतून मोकळेपणाने सांगत असत.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आपल्या समाजातील किती मुलामुलींना उच्चारांवरून गप्प बसविले जाते, हे आपण जाणतो. न आणि ण, श आणि स, यांवरून वर्गात हशा पिकतो. मग हुशार मुलगाही हात वर करीत नाही. आम्हीही आठवीत असताना वर्गात वाचायला उभे राहिलो आणि ‘पाणी’ या एका शब्दावर सगळा वर्ग हसला. त्यानंतर शाळा संपेपर्यंत आम्ही मोठ्याने काही वाचले नाही. म्हणून म्हणतो, नापास झालेला तो तरुण घरी बसला नाही, हे लक्षात ठेवा. ज्या स्टुडिओत रेडिओ सिलोनसाठी कार्यक्रम ध्वनिमुद्रित होत, तेथे तो नुसता ऐकायला जाऊन बसू लागला. एके दिवशी जाहिरात वाचणारा आला नाही. निर्मात्याने समोर बसलेल्यांना विचारले, कोण वाचील? हा पुढे झाला. ओरडून वाचले म्हणून बोलणी खाल्ली, पण काम मिळाले. त्याचा मोबदला होता आठवड्याला ओव्हलटिनचा एक लहान डबा.

पण नुसती चिकाटी सांगून भागणार नाही. चिकाटी पुष्कळांजवळ असते. सयानींजवळ आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांना आईकडून मिळाली. कुलसूम सयानी हे नाव आपल्या विद्यार्थ्यांनी ऐकलेले नसेल. मुंबईत प्रौढ शिक्षणाचे, विशेषतः स्त्रियांना अक्षरओळख करून देण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढले आणि १९६० पर्यंत चालविले. रहबर म्हणजे वाट दाखविणारा. हे पाक्षिक नुकतेच वाचायला शिकलेल्यांसाठी होते. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, पण भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. या पाक्षिकाच्या कामात अमीन लहानपणापासून आईला मदत करीत. कठीण शब्द काढून सोपा शब्द घालायचा, लांब वाक्य तोडायचे आणि ज्याला काल अक्षर कळले त्याला आज वाक्य कळले पाहिजे अशी काळजी घ्यायची, ही त्यांची खरी शाळा झाली. पुढे आई आणि मुलगा दोघांनाही पद्मश्री मिळाली. मुलाला ती २००९ साली मिळाली.

आता आमच्या खोलीतली गोष्ट सांगतो. आमची आई कधी शाळेत गेली नाही. तिची भाषा मराठी, तीही गावाकडची. हिंदी बातम्या लागल्या की ती म्हणे, “बंद करा ते, काय कळत नाही.” गीतमाला लागली की मात्र पोळपाट भिंतीला लावून दारापाशी येऊन बसे. एकदा आम्ही विचारले, “आई, हे पण हिंदीच बोलतात, हे बरे तुला कळते?” ती म्हणाली, “तो मानूस आपल्याला कळंल असं बोलतो. ते बातम्यावाले त्यांच्या सायबाला कळंल असं बोलतात.” कला शाखेची पदवी घेताना आम्ही भाषेवर बरेच काही वाचले. पण आईच्या या दोन वाक्यांपुढे जाणारे आम्हांला फारसे काही सापडले नाही.

त्यांची बोलण्याची रीत आठवून पाहा. सुरुवात ‘बहनों और भाइयों’ अशी, म्हणजे बहिणींचा मान आधी. गाण्याचा क्रमांक सांगताना ‘नंबर’ न म्हणता ‘पायदान’ म्हणत. पायदान म्हणजे पायरी. या आठवड्यात गाणे दोन पायऱ्या चढले, एक उतरले, हे सांगायला अक्षरओळख लागत नाही. शेवटी बिगुल वाजे आणि सर्वांत वरचे गाणे येई, तेव्हा चाळीतली लहान पोरेसुद्धा गप्प होत. ते कधी कोणाला शिकविण्याच्या थाटात बोलले नाहीत. हजारो लोक ऐकत असत, पण प्रत्येकाला वाटे की हा माझ्याशीच बोलतो आहे. झुमरीतलैयासारखे आडगाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर माहीत झाले, ते याच रेडिओच्या काळात. हीच साधी भाषा त्यांनी पुढे एड्सविषयीच्या ‘स्वनाश’ या तेरा भागांच्या मालिकेसाठीही वापरली. त्यात नाट्यरूपाने प्रसंग होते, डॉक्टरांच्या आणि समाजकार्यकर्त्यांच्या मुलाखती होत्या. त्याच्या कॅसेट अनेक सामाजिक संस्थांनी वस्त्यांत वापरल्या. ज्या विषयाचे नाव घ्यायला लोक लाजत होते, तो विषय घरात बोलता येईल अशा भाषेत मांडणे हे सोपे काम नव्हे.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्याचे गुण सांगितले. आता स्वतःची चूक सांगणे भाग आहे, कारण त्यासाठीच हा विषय घेतला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या काउंटरवर एक म्हातारी बाई आली. निराधार योजनेचे तिचे पैसे खात्यात जमा होत. तिने पासबुक आणि पैसे काढण्याची स्लिप पुढे केली. रांग मोठी होती. आम्ही संगणकाकडे पाहूनच बोललो, “केवायसी पेंडिंग आहे, डेबिट फ्रीज झालंय, री-केवायसी करून या.” ती म्हणाली, “बरं, साहेब.” आणि बाजूला झाली. संध्याकाळी शिपायाने सांगितले की, ती बाई दुपारपर्यंत बाहेर पायरीवर बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारीत होती की, आपले पैसे कशामुळे गेले? आपले खाते बुडाले, अशी तिची समजूत झाली होती. नंतरचे दोन महिने ती आलीच नाही. तिसऱ्या महिन्यात नातवाबरोबर आली तेव्हा कळले की, त्याची फी भरण्यासाठी तिने वस्तीतल्या एकाकडून महिन्याला शेकडा दहा टक्के व्याजाने पैसे घेतले होते. स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे असताना!

तिला काय हवे होते? आधार कार्डाची झेरॉक्स, एक फोटो आणि एका कागदावर अंगठा. “आजी, पैसे तुमचेच आहेत, कुठे गेले नाहीत. एवढे दोन कागद आणा, लगेच देतो,” एवढेच आम्ही म्हणायला हवे होते. त्याला अर्धे मिनिट लागले असते. आम्ही खोटे बोललो नव्हतो, नियमाबाहेर काही केले नव्हते, कोणी आमच्याविरुद्ध तक्रारही केली नाही. तरीही त्या व्याजातला वाटा आमच्याकडे येतो, असे आम्ही मानतो. ती बाई आमच्या आईच्या वयाची होती आणि आईसारखीच अंगठा लावणारी होती. ज्या आईने ‘सायबाला कळंल असं’ बोलणाऱ्यांची आम्हांला ओळख करून दिली, तिचाच मुलगा त्यांच्यात जाऊन बसला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. सयानींच्या निधनानंतर वर्तमानपत्रांत त्यांच्या आईविषयी आणि ‘रहबर’विषयी वाचले, तेव्हा ही पायरीवर बसलेली बाई आमच्या डोळ्यांसमोर आली.

मोठ्या माणसांकडूनही असे घडते. एका सडपातळ तरुणाला आवाजाची चाचणी द्यायची होती. वेळ न ठरविता तो सयानींच्या कार्यालयात आला. सयानी तेव्हा आठवड्याला कितीतरी कार्यक्रम करीत होते. त्यांनी वेळ घेऊन या, असा निरोप बाहेर पाठविला. तो तरुण आणखी काही वेळा आला आणि न भेटताच परत गेला. त्याचे नाव अमिताभ बच्चन. ही गोष्टही सयानींनी स्वतःच जाहीरपणे सांगितली. झाले ते दोघांच्याही भल्याचे झाले, असे ते हसून म्हणत. ज्याला एकदा आवाजावरून नाकारले, त्याच्याच दारातून एक आवाज न ऐकता परत गेला. काउंटरच्या आत बसलेल्या प्रत्येकाकडून हे होऊ शकते. म्हणून आत बसलेल्याने अधूनमधून मान वर करून बाहेर कोण उभे आहे ते पाहिले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही तहसील कचेरीत, दवाखान्यात, शाळेत, न्यायालयात, बँकेत अशा काउंटरच्या आतल्या बाजूस बसाल. तुम्ही तेथे बसावे म्हणून आपल्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेतला आहे. तेथे तुम्हांला नवी भाषा शिकावी लागेल. ती अवश्य शिका, इंग्रजीही उत्तम शिका. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना त्याची भाषा बोला. सोपे बोलणे म्हणजे कमी शिकलेले असणे नव्हे. अवघड बोलायला पाठांतर पुरते, सोपे बोलायला समोरच्याचा विचार करावा लागतो. आणि तुमच्या उच्चारांना कोणी हसले, तर नापास झालेल्या त्या निवेदकाची आठवण ठेवा. उच्चार सुधारता येतात, सुधारावेतही. परंतु ते सुधारेपर्यंत गप्प बसण्याचे कारण नाही.

आम्ही आमच्यापुरते एक काम सुरू केले आहे. नेहमी लागणाऱ्या दहा कामांसाठी कोणते कागद आणायचे, हे मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत लिहून शाखेत लावले आहे. लिहिताना आधी शिपायाला आणि मग घरी आईला वाचून दाखविले. आईला जे कळले नाही ते खोडले. ‘केवायसी’ला आम्ही ‘ओळखीचे कागद’ असे लिहिले. दुसरे म्हणजे, दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही आपल्या संस्थेच्या वाचनालयात बसतो. ज्यांना बँकेचे, पोस्टाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असतात ते येतात. एकट्याला ते आवरत नाही. आज सत्कार झालेल्यांपैकी चार-पाच जणांनी महिन्यातून एक रविवार दिला, तर कोणाला परत पाठवावे लागणार नाही. फॉर्म तुम्ही भरून देऊ नका, त्यांना समजावून सांगा आणि त्यांच्याच हाताने भरून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना सही शिकवा. पुढच्या वेळी ते स्वतः भरतील.

अमीन सयानी हे काही आपल्या वस्तीतले नव्हते. त्यांची-आमची कधी भेट झाली नाही. वडिलांनी सांगितल्यावरून लहानपणी आम्ही त्यांना एक पोस्टकार्ड लिहिले होते, तेही कार्यक्रमात वाचले गेले नाही. वडील म्हणाले, “पत्रं लई येतात रे त्यांना.” तरीही ते आपले होते, कारण शाळेचे तोंड न पाहिलेल्या आमच्या आईला त्यांनी परके मानले नाही. त्यांना श्रद्धांजली वाहायची तर गाणी लावून बसण्यापेक्षा रविवारी सकाळी वाचनालयात येऊन बसावे, असे आम्हांस वाटते.